लाइन गेली तरी नोंद जाऊ नये
संगणकाच्या यूपीएसची आणि बॅटरीची निगा



संगणक म्हणजे शहरातल्या हापिसाची वस्तू, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणण्याचे दिवस गेले. सातबारा आता संगणकावरून निघतो. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर आली. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज संगणकावरच भरावे लागले. त्या वेळी सेवा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा पुष्कळांना आठवत असतील. २०२२ साली केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली. म्हणजे कर्ज किती, भरणा किती, बाकी किती, हे सारे पूर्वीच्या लाल वहीऐवजी त्या पेटीत जाऊन बसत आहे.

पण ती पेटी विजेवर चालते. आणि आपल्या वऱ्हाडात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. मृगाचे पहिले वादळ सुटले की तारा तुटतात. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की दाब उतरतो. विम्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस, केंद्रात पन्नास माणसे उभी आणि लाइन गेली, तर अर्धा भरलेला अर्ज गेला. चालू काम एकाएकी बंद पडले तर फाइल बिघडते, कधी कधी संगणकाची डिस्कही खराब होते. हे टाळण्यासाठी यूपीएस असतो. तो घेतला म्हणजे काम झाले असे नाही. त्याची निगा राखावी लागते, आणि ती अवघड नाही.

यूपीएस म्हणजे काय?

यूपीएस ही एक लहान पेटी. तिच्यात बॅटरी असते, बॅटरी भरणारा चार्जर असतो आणि बॅटरीच्या विजेपासून घरच्यासारखी २३० व्होल्टची वीज तयार करणारे यंत्र असते. लाइन आहे तोवर चार्जर बॅटरी भरत राहतो. लाइन गेली की डोळ्याचे पाते लवण्याच्या आत पेटी बॅटरीवर जाते आणि संगणकाला काही कळतही नाही.

गावात बहुतेक ठिकाणी दिसतो तो ६०० व्हीएचा लहान यूपीएस. त्यात १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद बॅटरी असते. तिच्यात वीज किती? १२ गुणिले ७, म्हणजे ८४ वॅट-तास. पण बॅटरी झपाट्याने रिकामी केली तर त्यातली साधारण निम्मीच हाती लागते, म्हणजे ४२ च्या आसपास. संगणक आणि पडदा मिळून १५० वॅट घेत असतील तर बॅटरी नवी असताना पंधरा-सतरा मिनिटे मिळतील. यूपीएस दिवसभर काम चालवण्यासाठी नाही. हातचे काम जतन करून संगणक रीतसर बंद करता यावा, एवढ्यासाठी तो आहे. हे ध्यानात ठेवले तर अर्ध्या तक्रारी आपोआप मिटतात.

वापर कसा करावा?

१. यूपीएसवर फक्त संगणक, पडदा आणि इंटरनेटची लहान पेटी जोडावी. लेझर प्रिंटर कधीही जोडू नये. तो तापताना एका दमात ५०० वॅटच्या वर ओढतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच्या आसपासच पेलतो. कूलर, पंखा, इस्त्री यांचे तर नावच नको.

२. लाइन गेली की यूपीएस थांबून थांबून टूं-टूं करतो. तो इशारा आहे. चालू काम लगेच जतन करावे; कंट्रोल आणि एस ही दोन बटणे एकत्र दाबली की बहुतेक ठिकाणी काम होते. दोन-तीन मिनिटांत लाइन आली नाही तर संगणक बंद करावा. आवाज घाईघाईने येऊ लागला तर बॅटरी संपत आली असे समजावे. तेव्हा "एवढा एक अर्ज होऊ द्या" म्हणू नये.

३. लाइन आल्यावर लगेच घाई नको. पहिली पाच मिनिटे दाब वरखाली होतो. तो स्थिर झाला की संगणक सुरू करावा.

४. रिकामी झालेली बॅटरी पुरती भरायला सहा ते आठ तास लागतात. संध्याकाळी हापिस बंद करताना संगणक बंद करावा, पण यूपीएसची भिंतीवरची कळ चालू ठेवावी. नाही तर बॅटरी अर्धपोटी राहते. बैलाला उपाशी ठेवून सकाळी वखराला जुंपले तर तो किती चालेल? बॅटरीचेही तसेच.

५. मात्र विजा कडाडत असतील तर यूपीएसची पिन आणि इंटरनेटची तार दोन्ही भिंतीतून काढून ठेवावी. आकाशातल्या विजेपुढे यूपीएस टिकत नाही.

बॅटरी लवकर का मरते?

पहिले कारण ऊन. बंद बॅटरीचे आयुष्य २५ अंश उष्णतेवर धरलेले असते. त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. आपल्या अकोल्याला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, आणि टिनाच्या छपराखाली तर त्याहून वर. म्हणून चार वर्षे चालायची बॅटरी आपल्याकडे दोन वर्षांत बसते. उपाय सोपा आहे. यूपीएस पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे, वर फायली रचू नयेत, कापड झाकू नये. कूलरचे तुषार उडतील अशा जागीही ठेवू नये.

दुसरे कारण कमी दाब. रब्बीत मोटारी चालू झाल्या की काही गावांत दाब फार उतरतो. लाइन आहे, दिवा मिणमिणतो आहे, पण यूपीएसला तो दाब पुरत नाही म्हणून तो बॅटरीवर जातो, परत येतो, पुन्हा जातो. बॅटरी खर्चत राहते आणि भरत नाही. अशा गावांनी दाब सुधारणारा, म्हणजे लाइन-इंटरॅक्टिव्ह जातीचा यूपीएस घ्यावा. आणि महावितरणकडे लेखी तक्रार द्यावी.

तिसरे कारण रिकामे पडून राहणे. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेचा संगणक दोन-दोन महिने बंद असतो. रिकामी बॅटरी तशीच पडली तर आतल्या शिशाच्या पत्र्यांवर कठीण थर धरतो आणि मग ती कितीही भरा, भरत नाही. बॅटरी भरून ठेवावी, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी पुन्हा भरावी.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

आपली भुई काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. पावसाळ्यात ओल असताना अर्थिंग चांगले लागते. चैत्र-वैशाखात माती आकसली की तेच अर्थिंग कुचकामी होते. मग संगणकाच्या पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेले असावे आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे. जाणत्या वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधला दाब मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. तीन पिनांतली मोठी पिन तोडून काम भागवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

इन्व्हर्टरची मोठी बॅटरी

जिथे दोन-चार तास काम अडते तिथे इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी ठेवतात. २०० वॅटच्या कामाला ती साधारण चार-पाच तास साथ देते. इन्व्हर्टरच्या मागे बहुधा एक कळ असते. संगणकासाठी ती "यूपीएस" बाजूला ठेवावी, म्हणजे बदल झटकन होतो आणि संगणक मध्येच बंद पडत नाही.

या बॅटरीत पाणी घालावे लागते. दर महिन्याला पातळी पाहावी. पाणी फक्त बॅटरीचे, म्हणजे डिस्टिल्ड. दर्यापूर, अकोट, बाळापूर या बाजूच्या खारपाणपट्ट्यातल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या विहिरीचे क्षार बॅटरीत गेले की पत्रे खातात. ते पाणी पिकाला सोसत नाही, ते बॅटरीला कसे सोसेल? नळाचे, उकळलेले किंवा आरओचे पाणीही चालत नाही. तेजाब वरून कधीच घालू नये. उडते ते पाणी, तेजाब आतच राहते. खुणेच्या वर भरू नये.

टोकांवर पांढरा-हिरवा थर दिसला तर आधी इन्व्हर्टर बंद करावा. झाकणे घट्ट आहेत हे पाहून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने थर पुसावा, सोडा आत जाऊ देऊ नये. कोरडे झाल्यावर टोके आवळून व्हॅसलिन लावावे. तार सोडताना आधी ऋण, म्हणजे काळी. जोडताना आधी धन, म्हणजे लाल. हातातले कडे आणि अंगठी काढून ठेवावी, पान्हा दोन्ही टोकांना एकदम टेकू देऊ नये.

बॅटरी भरताना त्यातून हायड्रोजन वायू निघतो. तो पेट घेतो. खोली हवेशीर ठेवा, तिथे बिडी ओढू नका, पाणी पाहायला काडी ओढू नका. बॅटरीचा दिवा वापरा. तेजाब अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे सतत पाणी मारावे आणि लगेच दवाखाना गाठावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*"यूपीएस दिवसभर चालूच असते, तरी लाइन गेली का दोन मिनिटात काम्पुटर बंद पडते. काहून भाऊ?"*

बॅटरी म्हातारी झाली, किंवा तिच्यावर भार जास्त आहे. आधी जास्तीच्या वस्तू काढून पाहा. तरी तसेच, तर बॅटरी बदला. सगळा यूपीएस फेकायची गरज नाही. नवी बॅटरी तितक्याच व्होल्टची आणि तितक्याच अँपिअर-तासाची घ्या. दोन बॅटऱ्यांचा संच असेल तर दोन्ही एकदम बदला. एक नवी अन् एक जुनी जुंपली तर जुनी नवीलाही खाली ओढते.

*"ट्रॅक्टरची बॅटरी पडूनच आहे. ते यूपीएसले जोडली तं चालन काय, काकाजी?"*

जोडू नका. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिनाला एक जोराचा धक्का द्यायला बनवलेली असते. तिचे पत्रे पातळ; वारंवार रिकामी केली की काही महिन्यांत जाते. लहान यूपीएसचा चार्जर तिला पुरती भरू शकत नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांसाठी केलेली पेटी तासन् तास चालवली तर आतून तापते, आग लागू शकते.

*"यूपीएस बंद केला, पिनही काढली. मग खोलून पाह्यला तं काय होते?"*

आत बॅटरी जोडलेलीच असते आणि काही भागांत वीज साठून राहते. धक्का बसतो. पेटी खोलणे हे माहीतगाराचेच काम.

*"जुनी बॅटरी फोडून शिसं काढलं तं दोन पैसे भेटतीन ना?"*

दोन पैशांपायी लेकरांच्या अंगात विष जाईल. शिशाचा धूर आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि सांडलेले तेजाब माती-पाणी नासवते. जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराला द्यावी. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि मोडीचे पैसेही बहुधा मिळतात.

निगा केव्हा आणि कोणती

रोज : संगणक बंद, यूपीएस चालू. वरची धूळ कोरड्या फडक्याने पुसणे.

महिन्याला : भरल्या बॅटरीवर, कोणते काम अडणार नाही अशा वेळी, भिंतीवरची कळ बंद करून किती मिनिटे चालते ते पाहणे. इशारा घाईचा झाला की कळ चालू करावी. मिनिटे आणि तारीख वहीत लिहावी. नवी असताना पंधरा मिनिटे होती आणि आता सातवर आली, तर बॅटरीसाठी पैशाची तजवीज करावी. मोठ्या बॅटरीचे पाणी पाहावे.

वर्षाला : पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे मळतो. तसा एक दिवस यूपीएससाठीही राखावा. मृगाच्या आधी तारा, जोड आणि अर्थिंग वायरमनला दाखवून घ्यावे.

आणि एक शेवटचे. यूपीएस काम वाचवतो, नोंद राखत नाही. सोसायटीच्या किंवा दूध संकलनाच्या हिशेबाची नक्कल रोज संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी, पेन ड्राइव्हवर का होईना, घ्यावी आणि ती वेगळ्या कपाटात ठेवावी.

सोसायटीच्या आमसभेत आपण खताचा हिशेब विचारतो, व्याजाचा विचारतो. यंदा एवढेही विचारा : आपल्या संगणकाची बॅटरी केव्हा बदलली, आणि ती किती मिनिटे चालते? उत्तर देणाऱ्याला वही उघडून दाखवता आली पाहिजे. कारण त्या पेटीत कोणाचे कर्ज फिटल्याची नोंद आहे, तर कोणाचा विम्याचा अर्ज आहे.

(हे पत्रक वाचून झाल्यावर सोसायटीच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या संगणकाजवळ भिंतीवर लावावे.)