मंडळी चालते कशी, वाढते कशी

मंडळी, आत्ता ज्या शब्दाने मी आपल्याला हाक मारली, तोच शब्द मराठी ख्रिस्ती लोक आपल्या उपासक समाजासाठी वापरतात. जिथे जमायचे ते प्रार्थनामंदिर. जमणारी माणसे ती मंडळी. भेद लहानसा, पण आजचा सारा विषय त्यातच आहे.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचे गाव. तेव्हा भजनीमंडळ कसे टिकते हे मी आपल्याला काय सांगावे? टाळ-मृदंग विकत मिळतात. पण पखवाजवाला म्हातारा झाला की शेजारी बसून शिकलेला पोरगा पुढे सरकतो, म्हणून भजन चालू राहते. ख्रिस्ती मंडळीचेही तसेच.

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला १८३१ साली काम सुरू केले. प्रथम सारा कारभार परदेशी मिशनऱ्यांच्या हाती होता. १८५४ साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे तिथे पाळक झाले. त्याच सुमारास बोस्टनहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले होते. त्यांचे म्हणणे सरळ होते : मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा, आणि आपला प्रसार आपणच करावा.

सांगणे सोपे, करणे कठीण! पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. अनाथ मुले, उपाशी माणसे मिशनच्या आश्रयाला आली. संख्या वाढली, पण पोटासाठी आलेला माणूस पोट भरल्यावर राहील का, हा प्रश्न उरलाच. पगार बाहेरून येत असेल, तर माणसे मंडळीला आपली म्हणतील का?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हीच खंत होती. परक्या चालीची गीते कानावर पडत, काळजात उतरत नसत. म्हणून त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ साली टिळक वारले. पण त्यांची गीते आजही उपासनेत गायिली जातात.

आता आपल्या भागाकडे वळू. दिवाळी झाली की ऊसतोडीला गाड्या निघतात आणि वस्तीतल्या घरांना कुलपे लागतात. सारे काही एका पाळकावर सोपवले असेल, तर मंडळी तिथेच बसते. पण थळात दोन घरांच्या मध्ये कंदील ठेवून एखादी बाई शास्त्र वाचू लागली, तर मंडळी थळातही भरते! म्हणून वाचणारे, गाणारे, आजाऱ्याच्या घरी जाणारे अनेक हात तयार करावेत. दानाचा हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर वाचावा. रुपया लहान असला तरी चालेल, संशय मात्र लहान नसतो. पंचांत बायकांना आणि तरुणांना जागा द्यावी.

आणि वाढ? राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे. ते ऐकणाऱ्याचेही आहे, हे विसरू नये. आमिषाने डोकी वाढतात, मंडळी वाढत नाही. शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जाणारी मंडळी कुणाला बोलवायला जात नाही. लोकच तिची चौकशी करीत येतात.

गुरुजी, आपली शाळा, आपले भजनीमंडळ, आपली सोसायटी यांनाही हीच कसोटी लावून पाहा : उद्या आपण नसलो, तर हे चालेल का?