‘भूमिका’ पाहताना : यशाची कमाई नेमकी कोणाची?

प्रतिनिधी, नायगाव

रंगभूमी आणि रुपेरी पडद्यामागची महत्त्वाकांक्षा हा हॉलिवूडचा जुना, लाडका विषय. १९५० च्या ‘ऑल अबाउट इव्ह’मध्ये नवखी इव्ह प्रथितयश अभिनेत्री मार्गो चॅनिंगच्या घरात शिरते आणि हळूहळू तिचीच जागा बळकावते. बेट डेव्हिसची मार्गो आजही विसरता येत नाही. मात्र या जातीची कथा शोधायला मराठी रसिकाला सातासमुद्रापार जाण्याचे कारण नाही. नायगावहून परळचे ‘राजकमल’ ते काय लांब! त्याच ‘राजकमल’च्या ‘लोकशाहीर राम जोशी’मुळे १९४७ मध्ये हंसा वाडकर हे नाव गाजले आणि हंसाबाईंच्या आयुष्यावरच श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट बेतला.

आत्मकथनातून पडद्यावर

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर, जन्म १९२३ चा. घरच्या ओढगस्तीमुळे त्या ऐन शाळकरी वयात चित्रपटात आल्या. पुढे ‘प्रभात’चा ‘संत सखू’ (१९४१) आणि अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) यांनी त्यांना लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. याच चित्रपटाचे नाव घेऊन त्यांचे आत्मकथन १९७० मध्ये पुस्तकरूपाने आले. शब्दांकन अरुण साधू यांचे होते. मद्यपान, फसलेला संसार, परपुरुषांशी आलेले संबंध, सारे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

काय पाहावे?

चित्रपटातील नायिका उषा पडद्यावर ‘उर्वशी’ होते. तिचा वर्तमान रंगीत आहे, तर भूतकाळ बराचसा कृष्णधवल. त्यामुळे तिच्या आठवणींबरोबर जुन्या सिनेमाचा काळही डोळ्यांपुढून सरकतो. गोविंद निहलानी यांचे छायाचित्रण यासाठी मुद्दाम पाहावे.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. अमोल पालेकर यांनी रंगवलेला केशव हा उषाचा नवरा, आणि तिच्या कामाचे करारमदारही तोच पाहतो. तिला संसार हवा आहे. त्याला तिची मिळकत. इव्ह यशासाठी माणसे वापरते, इथे यशस्वी बाईलाच तिची माणसे वापरतात. दोन्ही कथांमधला हा फरक मुळातला आहे.

या ओझ्याला कंटाळून उषा धनाढ्य विनायक काळे (अमरीश पुरी) यांच्या वाड्यात आश्रय घेते. तिथे मान मिळतो, सुबत्ता मिळते. पण उंबरठा ओलांडण्याची मुभा नाही. तिथून सुटण्यासाठी ज्याच्यापासून ती पळाली त्या केशवलाच साद घालावी लागते. एवढा जळजळीत उपरोध एरवीच्या कौटुंबिक चित्रपटात क्वचितच सापडतो.

अवघ्या बाविशीच्या आसपास असलेल्या स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेसाठी बेनेगल, गिरीश कार्नाड आणि पं. सत्यदेव दुबे यांचाही तसाच गौरव झाला.

शेवटी उषा हॉटेलच्या खोलीत एकटी उरते. फोन वाजतो. पुन्हा कोणाचा तरी आधार घ्यायचा की एकटेपण पत्करायचे? हा प्रश्न केवळ नटीचा नाही. पगाराचे पाकीट घरात आणून देणाऱ्या आणि तरीही घरात शब्दाला किंमत नसलेल्या प्रत्येक स्त्रीचा तो आहे. म्हणूनच ‘भूमिका’ जुना झालेला नाही.