एमआरआय पाठीचा, मग एक्स-रे डोळ्यांचा का? फॉर्मवरच्या 'या' प्रश्नाचे उत्तर खरे द्या

डॉक्टरांनी पाठीचा एमआरआय सांगितला. सेंटरवर गेल्यावर हातात एक फॉर्म येतो. त्यात विचारलेले असते : डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? 'हो' म्हटले, की अनेकदा आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढायला सांगतात. हा बिल वाढवण्याचा प्रकार वाटून काही जण सरळ 'नाही' लिहून मोकळे होतात. पण हे उत्तर दृष्टीवर बेतू शकते.

धोका नेमका काय?

एमआरआय यंत्रात अतिशय शक्तिशाली चुंबक असतो. तपासणी पाठीची असली, तरी डोकेही त्याच्या क्षेत्रात येते. डोळ्यात रुतलेला लोखंडी कण त्यामुळे सरकू शकतो आणि आतून इजा करू शकतो. अमेरिकेत १९८६ मध्ये अशी घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. पत्र्याचे काम करणाऱ्या एका रुग्णाच्या डोळ्यात धातूचा तुकडा लपून राहिला होता. एमआरआयनंतर डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली.

कोणी आवर्जून सांगावे?

लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग किंवा फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्यांनी, किंवा पूर्वी केलेल्यांनी. पिंपरी-चिंचवडचे वर्कशॉप असो वा कोल्हापूरची फाउंड्री, डोळ्यात कण जाणे तिथे नवे नाही. मात्र फक्त असे काम केले म्हणून प्रत्येकाला एक्स-रे लागतोच, असे नाही. कण गेला होता का, तो कोणी काढला, पूर्ण निघाल्याचे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले होते का, यावर डॉक्टर ठरवतात. सहकाऱ्याने रुमालाच्या टोकाने कण काढला असेल, तर तेही सांगा. त्या घटनेनंतर डोक्याचा सीटी स्कॅन झाला असेल, तर फिल्म सोबत न्या. कदाचित वेगळ्या एक्स-रेची गरज पडणार नाही.

एक्स-रे कसा काढतात?

उपाशी राहावे लागत नाही, इंजेक्शन नसते. चष्मा, कानातले, नथ, हेअरपिन आणि काढता येणारी कवळी काढून ठेवा. काजळ, सुरमा पुसून जा; त्यातील काही घटक फिल्मवर ठिपक्यासारखे दिसू शकतात. काही वेळा नजर वर आणि खाली ठेवून दोन फोटो घेतात. ठिपका नजरेबरोबर हलला, तर कण डोळ्यातच असल्याची शक्यता वाढते. फोटो घेताना डोके हलवू नका.

किरणांची भीती किती?

कवटीच्या एक्स-रेचा डोस साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. एका एक्स-रेने मोतीबिंदू होत नाही. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल, तर आधी सांगा.

याच्या मर्यादा काय?

एक्स-रेमध्ये हाड आणि धातू दिसतो. लाकूड, प्लॅस्टिक बहुधा दिसत नाही आणि अगदी बारीक कण निसटू शकतो. शंका राहिली, तर सीटी स्कॅन सांगतात. कण सापडलाच, तर एमआरआय थांबवून आधी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे लागते. एमआरआयऐवजी दुसरी तपासणी चालेल का, हेही डॉक्टरांना विचारा.

फॉर्म भरताना प्रश्न कळला नाही, तर अंदाजाने खूण करू नका. तंत्रज्ञाला विचारा आणि जुनी घटना असली तरी सांगा.