खात्याखात्यांतील भिंती

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कराचीहून समुद्रमार्गे आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले. गिरगाव चौपाटीवर साहाय्यक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलीत कसाबच्या रायफलीची नळी घट्ट धरून ठेवली, म्हणूनच एक गुन्हेगार जिवंत हाती आला आणि तपासाला धागा मिळाला. या शौर्यापुढे कोणाचेही मस्तक लवेल. परंतु त्याचे गुणगान करता करता एक अडचणीचा प्रश्न आपण मागे टाकीत आलो आहोत. हातात केवळ लाठी असलेल्या त्या फौजदारावर ही वेळ येऊ द्यावयाची होती काय?

मुंबईवर समुद्राकडून हल्ला होण्याचा संभव असल्याच्या सूचना गुप्तवार्ता खात्यांकडून आधीच आल्या होत्या. ताजमहाल हॉटेलचा उल्लेखही त्यांत होता. तेव्हा उणीव माहितीची नव्हती. सूचना वरिष्ठांच्या मेजावर पोचणे निराळे आणि तिच्या बळावर नाक्यावरचा शिपाई सज्ज होणे निराळे. फळ्यावर गणित सोडविले म्हणजे ते मुलांना आलेच, असे मानणारे शिक्षक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. आमच्या खात्यांची समजूतही त्याच जातीची दिसते.

हा दोष केवळ आपलाच आहे असेही नव्हे. डेव्हिड हेडली हा अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा एकेकाळचा खबऱ्या. त्याने २००६ ते २००८ या काळात पाच वेळा मुंबईत येऊन जागांची टेहळणी केली. इतकेच नव्हे, तर हल्ल्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी, मार्च २००९ मध्ये, तो पुन्हा उजळ माथ्याने भारतात आला! त्याला अटक झाली ती ऑक्टोबर २००९ मध्ये, शिकागोत. त्याचा साथीदार म्हणून आरोप असलेला तहव्वूर राणा भारताच्या स्वाधीन होण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

हल्ल्यानंतर राष्ट्रीय तपास संस्था निघाली, कमांडोंचे पथक मुंबईत ठेवण्यात आले, निरनिराळ्या खात्यांची माहिती एकत्र करणाऱ्या केंद्राला बळ देण्यात आले. हे योग्यच झाले. २०१२ साली मात्र राष्ट्रीय दहशतवादविरोधी केंद्राची योजना राज्यांच्या विरोधामुळे अडली. पोलीस हा राज्यांचा विषय. गुप्तवार्ता खात्याच्या छत्राखालील संस्थेस झडतीचे व अटकेचे अधिकार देणे राज्यांना रुचले नाही. तो आक्षेप आम्हांला खोटा वाटत नाही. पण अटकेचा अधिकार वगळून माहितीची वाट तरी मोकळी करता आली असती. अधिकाराच्या भांडणात सारी योजनाच बासनात गेली.

आमची मागणी साधी आहे. वर्षभरात आलेल्या सूचनांपैकी किती सूचना संबंधित पोलीस ठाण्यापर्यंत पोचल्या, त्यांना किती तास लागले आणि त्यांवर कार्यवाहीची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर होती, याचा हिशेब गृहखात्याने दरवर्षी विधिमंडळापुढे मांडावा. त्यासाठी एकाही खबऱ्याचे नाव उघड करावे लागणार नाही.