विदागारातून संगणकाला आज्ञा : सोय आणि सावधगिरी

शासकीय व निमशासकीय कार्यालयांतील अनेक नोंदवह्यांची जागा आता संगणकावरील विदागाराने, म्हणजेच डेटाबेसने, घेतली आहे. या नोंदींचा सांभाळ करणाऱ्या कर्मचाऱ्यास काही कामे नित्यनेमाने करावी लागतात. संध्याकाळी दिवसभराच्या नोंदींची प्रत काढणे, ती दुसऱ्या संगणकावर पाठविणे, जागा अडविणाऱ्या जुन्या प्रती पुसून टाकणे ही त्यांपैकी काही होत. रोज त्याच आज्ञा हाताने देण्यापेक्षा त्या क्रमवार एका ठिकाणी लिहून ठेवणे व संगणकाकडून एकदम पार पाडून घेणे केव्हाही सोयीचे. अशा लिखित आज्ञांच्या संचास स्क्रिप्ट असे म्हणतात.

मात्र वर उल्लेखिलेली तिन्ही कामे एकाच स्वरूपाची नाहीत. विदागाराची भाषा एसक्यूएल ही आहे. आयबीएम कंपनीतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये तिचे मूळ रूप मांडले. अमुक गावच्या थकबाकीदारांची यादी द्या, तमुक नोंद दुरुस्त करा, हे त्या भाषेत नेमकेपणाने सांगता येते. परंतु तबकडीवरील एखादी फाईल पुसा, ती आकाराने लहान करा किंवा दुसरीकडे पाठवा, ही कामे विदागाराची नसून संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आहेत. मग स्क्रिप्ट अर्ध्यावर सोडून कर्मचाऱ्याने बाहेर यावे काय? तसे करावे लागू नये म्हणून विदागारांच्या निर्मात्यांनी एक खिडकी ठेवली आहे. ओरॅकलच्या एसक्यूएल-प्लस या साधनात ‘होस्ट’ हा शब्द लिहून त्यापुढे ऑपरेटिंग सिस्टिमची कोणतीही आज्ञा देता येते. पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या साधनात त्यासाठी उलटी तिरकी रेघ व उद्गारचिन्ह वापरतात. मायएसक्यूएलमध्येही ‘सिस्टिम’ या शब्दाने हेच साधते.

ही खिडकी नेमकी कोठे उघडते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. विदागार बहुधा दूरच्या मोठ्या संगणकावर असते आणि कर्मचारी आपल्या मेजावरील संगणकावरून त्याच्याशी बोलत असतो. वर सांगितलेल्या आज्ञा मेजावरील संगणकावरच पार पडतात. ग्रामपंचायतीतील लिपिकाने आपल्याच शिपायास काम सांगावे, तसा हा प्रकार आहे. तालुक्याच्या अभिलेख कक्षातील कपाटाला त्याचा हात लागत नाही. याउलट काही आज्ञा थेट त्या कक्षातील शिपायालाच कामाला लावतात. पोस्टग्रेसमध्ये २०१३ साली आलेली ‘कॉपी’ आज्ञेची ‘प्रोग्राम’ ही जोड या प्रकारची आहे. येथे काम मूळ संगणकावर होते आणि तेही आज्ञा देणाऱ्याच्या नावाने नव्हे, तर विदागार ज्या खात्यावर चालते त्या खात्याच्या अधिकाराने होते. म्हणूनच आरंभी तो अधिकार केवळ सर्वाधिकारी वापरकर्त्यास होता. २०१८ पासून त्यासाठी एक स्वतंत्र भूमिका निर्माण करण्यात आली असून ती विचारपूर्वक बहाल करावी लागते. ही सोय म्हणजे सुरक्षेतील दोष आहे अशी नोंद २०१९ मध्ये झाली होती. पोस्टग्रेसच्या चालकांनी ती अमान्य केली. ज्यास अधिकार दिला त्याने तो वापरला, तर दोष आज्ञेचा कसा, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो रास्त आहे. पण त्यामुळे अधिकार कोणास द्यावयाचा याची सारी जबाबदारी कार्यालयावर येऊन पडते, हेही तितकेच खरे.

विदागाराच्या अंगी एक मोठा गुण असतो. अनेक दुरुस्त्यांचा एक व्यवहार मानून तो पुरा होण्याआधी काही चुकल्यास ‘रोलबॅक’ या एका शब्दाने सर्व काही पूर्वस्थितीला आणता येते. हा गुण खिडकीपलीकडे जात नाही. व्यवहार चालू असता बाहेरची फाईल पुसली आणि नंतर व्यवहार मागे घेतला, तर नोंदी परत येतील, फाईल येणार नाही. पाठविलेला संदेशही परत बोलावता येणार नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कार्यालयाच्या स्क्रिप्टमध्ये घरपट्टीच्या नोंदींची नवी प्रत काढावी आणि त्यानंतर कालची प्रत पुसावी, अशा दोन आज्ञा आहेत. एके दिवशी प्रत काढण्याची आज्ञा फसते. पीएसक्यूएल हे साधन, वेगळी सूचना नसल्यास, चूक दाखवून पुढील ओळीकडे वळते. पुढील ओळ कालची प्रत पुसण्याची आहे. ती मात्र बिनचूक पार पडते! नवी प्रत झाली नाही आणि जुनी गेली, ही गोष्ट बहुधा मूळ विदागार बिघडल्यावरच उघडकीस येते. ‘ऑन एरर स्टॉप’ ही सूचना स्क्रिप्टच्या आरंभी लिहिली असती, तर पहिल्या चुकीलाच काम थांबले असते. या सूचनेचेही एक मर्म आहे. ती विदागाराच्या चुका पाहते. खिडकीबाहेरील आज्ञा फसली तर ती आपोआप थांबत नाही. पीएसक्यूएलच्या २०२३ मधील सोळाव्या आवृत्तीपासून बाहेरील आज्ञेचा निकाल एका चलात नोंदविला जातो, पण तो तपासण्याची ओळ स्क्रिप्ट लिहिणाऱ्यालाच घालावी लागते.

गावांच्या नावांवरून फाईलींना नावे देण्याची पद्धत असल्यास आणखी एक अडचण संभवते. युनिक्स वर्गातील संगणकांवर आज्ञेतील मोकळी जागा म्हणजे दोन शब्दांमधील सीमा होय. अवतरणचिन्हांत न घातलेले ‘पिंपरी बुद्रुक’ हे नाव तेथे ‘पिंपरी’ आणि ‘बुद्रुक’ अशा दोन फाईलींची नावे ठरते. पुसण्याची आज्ञा दिली असेल तर पिंपरी नावाची भलतीच फाईल जाऊ शकते. नावाच्या मध्ये अर्धविराम आला तर त्यापुढील मजकूर स्वतंत्र आज्ञा म्हणून चालविला जातो, आणि हा मजकूर बाहेरच्या व्यक्तीने अर्जात भरलेला असेल तर परिणाम काय होईल हे वेगळे सांगावयास नको.

मे २००२ मध्ये पसरलेल्या स्पायडा नावाच्या उपद्रवी प्रोग्रामने हा धोका जगाला दाखविला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील ‘एसए’ या सर्वाधिकारी खात्याचा परवलीचा शब्द ज्यांनी कोरा ठेवला होता, अशा संगणकांत तो शिरला. आत गेल्यावर ‘एक्सपी कमांडशेल’ या सोयीचा वापर करून त्याने ऑपरेटिंग सिस्टिमवर ताबा मिळविला. कुलूपच नसलेल्या दारातून शिरणाऱ्याला घरातील सर्व किल्ल्या सापडाव्यात, तशातलाच हा प्रकार. २००५ च्या आवृत्तीपासून ही सोय मुळातच बंद ठेवून दिली जाते. ओरॅकलचे एसक्यूएल-प्लस सुरू करतानाच ‘रिस्ट्रिक्ट’ अशी अट घालून ‘होस्ट’ आज्ञा बंद करता येते. ज्या कर्मचाऱ्याचे काम केवळ नोंदी पाहण्याचे आहे, त्याच्यासाठी ही अट घालण्यास हरकत नसावी.

भारतात अशा घटनांसंबंधी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले असून ते शासकीय संस्थांनाही लागू आहेत. त्यांनुसार विहित प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते आणि संगणक प्रणालींच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. खिडकीतून दिलेल्या आज्ञा विदागाराच्या नोंदवहीत उमटतीलच असे नाही, कारण पहिल्या प्रकारच्या आज्ञा विदागारापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यांची नोंद मेजावरील संगणकावरच ठेवावी लागेल.

बरीच जाणकार मंडळी कामाचा क्रमच उलटा करतात. ऑपरेटिंग सिस्टिमची स्क्रिप्ट बाहेर असते, ठरलेल्या वेळी ‘क्रॉन’ ही यंत्रणा ती सुरू करते आणि ती विदागाराला केवळ त्याच्या वाट्याचे काम सांगते. ‘ऑन एरर स्टॉप’ची सूचना दिलेली असल्यास स्क्रिप्टमधील चुकीनंतर पीएसक्यूएल ३ हा अंक परत देते. काम सुरळीत झाले असेल तर शून्य येते. बाहेरील स्क्रिप्ट हा अंक पाहते, शून्य असेल तरच नव्या प्रतीचा आकार तपासते, आणि त्यानंतरच जुनी प्रत पुसण्याच्या ओळीकडे वळते.