दुसरा बाण : दीर्घ व्याधी आणि स्वीकाराधिष्ठित मानसोपचार

शरीर आहे तेथे व्याधी आहे, हे सांगण्यासाठी कोणा तत्त्वज्ञाची आवश्यकता नाही. प्रश्न उरतो तो निराळा. जी व्याधी औषधाने आटोक्यात राहते परंतु समूळ जात नाही, तिच्यासह माणसाने जगावे कसे? मधुमेह, संधिवात, अपस्मार, सिकलसेल, जुनाट पाठदुखी अशा आजारांत वैद्यकशास्त्र आयुष्य वाढविते. ते वाढलेले आयुष्य कशासाठी व कोणत्या वृत्तीने जगावे, या प्रश्नाचे उत्तर मात्र औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. गेल्या काही दशकांत मानसशास्त्राच्या एका शाखेने हा प्रश्न गंभीरपणे हाती घेतला आहे. स्वीकाराधिष्ठित मानसोपचार या नावाने ती शाखा ओळखता येईल. या उपचाराचे स्वरूप काय, त्याला पुरावा किती, आणि 'स्वीकार' या शब्दाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संयुत्तनिकायाच्या वेदनासंयुत्तात सल्लसुत्त आहे. शारीरिक वेदना सर्वांनाच होते, अशिक्षित सामान्य मनुष्यालाही आणि सुशिक्षित आर्यश्रावकालाही. मग दोघांत भेद कोणता, हा त्या सुत्ताचा विषय होय. तथागतांनी दिलेले उत्तर बाणाच्या उपमेने प्रसिद्ध झाले आहे. अशिक्षित मनुष्य वेदना होताच शोक करतो, आक्रोश करतो, ऊर बडवितो. त्यामुळे एका बाणापाठोपाठ दुसरा बाण लागावा तशा त्याला शरीराची आणि मनाची अशा दोन वेदना होतात. आर्यश्रावकाला पहिलाच बाण लागतो. याच सुत्तातील आणखी एक निरीक्षण मात्र सहसा सांगितले जात नाही. दुःखद वेदनेतून सुटण्याचा दुसरा मार्ग ठाऊक नसल्यामुळे अशिक्षित मनुष्य इंद्रियसुखाकडे धाव घेतो, असे तेथे म्हटले आहे. वेदनेपासून पळण्याची ही धडपड आधुनिक मानसोपचाराच्याही केंद्रस्थानी आहे.

उपचाराचा उगम

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी स्मृतिसाधनेवर आधारित एक कार्यक्रम सुरू केला. त्याची मुळे उघडपणे बौद्ध ध्यानपरंपरेत होती. दुसरा प्रवाह नेवाडा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी १९८० च्या दशकापासून विकसित केलेल्या पद्धतीचा मूळ ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. या पद्धतीस 'स्वीकार व कटिबद्धता उपचार' म्हणता येईल. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा 'ॲक्ट' असा शब्द होतो आणि तो तसाच उच्चारला जातो. त्या शब्दाचा अर्थ 'कृती करणे' असा आहे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. 'हे सर्व अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे' असे म्हणणे सोपे असते. वास्तविक ॲक्टचा उगम वर्तनवादी मानसशास्त्रात आणि भाषेच्या प्रायोगिक अभ्यासात आहे. बौद्ध विचाराशी तिचे साम्य हेज यांनी स्वतः २००२ साली एका लेखात तपासले. तथापि ती पद्धती पिटकांतून घेतलेली नाही. दोन निरनिराळ्या वाटांनी चालणारे लोक एकाच ठिकाणी पोहोचले, हीच गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे.

पद्धतीचे स्वरूप

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. विदर्भातील अनुसूचित जाती व आदिवासी समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या विकारात तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडे, सांधे, छाती, पोट यांत असह्य कळा येतात. कमी पाणी पिणे, थंडी, अतिश्रम, जंतुसंसर्ग यांमुळे कळांचा झटका येऊ शकतो. तो केव्हा येईल हे निश्चित सांगता येत नाही.

असा एखादा तरुण कल्पावा. झटका येतो तेव्हा त्याला कळा होतात. हा पहिला बाण. झटका ओसरल्यानंतरही 'पुन्हा येईल का' ही धास्ती राहते. वर्गात झटका आला तर काय, या भीतीने तो महाविद्यालयात जाणे टाळतो. मित्रांना कळू नये म्हणून सहलीला जात नाही. आजाराची आठवण नको म्हणून रोजची गोळीही चुकवितो. दुखण्याचे दिवस महिन्यातून चार असले तरी गमावलेले दिवस तीस होतात. हा दुसरा बाण. प्रत्येक वेळी टाळल्याने क्षणभर सुटल्यासारखे वाटते, म्हणूनच टाळण्याची सवय दृढ होत जाते. आणि जगण्याचे वर्तुळ आक्रसत जाते. मानसशास्त्रज्ञ याला अनुभव टाळण्याची प्रवृत्ती म्हणतात.

या प्रवृत्तीवर ॲक्टमध्ये सहा अंगांनी काम केले जाते. पहिले अंग स्वीकाराचे : वेदना, भीती, लाज मनात उठली की तिच्याशी झुंज न घेता तिला जागा देणे. दुसरे, विचारापासून अंतर राखणे : 'माझे आयुष्य संपले' या वाक्याला सत्य न मानता 'माझे आयुष्य संपले असा विचार माझ्या मनात आला आहे' असे पाहणे. तिसरे, वर्तमानाचे भान : मागच्या झटक्यात वा पुढच्या झटक्यात न राहता आत्ताचा श्वास, आत्ताचे काम याकडे येणे. चौथे, स्वतःकडे व्यापक दृष्टीने पाहणे : मी म्हणजे माझा आजार, हे समीकरण सैल करणे. यात कोणताही नित्य आत्मा गृहीत धरलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पाचवे, मूल्यांची निवड : शिक्षण, मुलांचे संगोपन, समाजकार्य, मैत्री यांपैकी मला खरोखर काय मोलाचे वाटते हे शोधणे. सहावे, कटिबद्ध कृती : त्या मूल्याच्या दिशेने, वेदना असतानाही, झेपेल तेवढे पाऊल टाकणे.

'तुझी भीती निराधार आहे' असे उपचारक या तरुणाला सांगत नाही, कारण ती निराधार नाही. झटका येऊ शकतो. उपचारक विचारतो : ही भीती सोबत घेऊन या आठवड्यात तुला काय करावयाचे आहे? मग दोन दिवस वर्गात जाणे, पाण्याची बाटली जवळ ठेवणे, एका मित्राला आजाराची माहिती देणे, गोळीची वेळ ठरविणे अशी लहान पावले ठरतात. वेदना घटली तर उत्तमच. तथापि उपचाराचे यश वेदनेच्या मापाने मोजले जात नाही. वेदनेसह माणूस किती जगू लागला, यावरून ते ठरते.

पुरावा किती?

बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मधुमेहाच्या ८१ रुग्णांना एका दिवसाच्या कार्यशाळेत बोलाविले होते. काहींना केवळ आजाराचे शिक्षण दिले, तर काहींना शिक्षणासोबत स्वीकार व मूल्ये यांचाही अभ्यास दिला. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटात स्वतःची काळजी घेण्याचे प्रमाण चांगले आढळले, आणि रक्तशर्करा अपेक्षित मर्यादेत असलेल्या रुग्णांचे प्रमाणही अधिक होते. २००६ साली दक्षिण आफ्रिकेत औषधाने न आवरणाऱ्या अपस्माराच्या २७ रुग्णांवर, आणि २००८ साली भारतात १८ रुग्णांवर असे अभ्यास प्रसिद्ध झाले. भारतीय अभ्यासात एका गटाला ॲक्ट आणि दुसऱ्याला योग दिला होता. दोन्ही गटांना लाभ झाला. झटके कमी होण्याच्या बाबतीत ॲक्टचा गट पुढे राहिला. रुग्णसंख्या अल्प असल्याने या निष्कर्षांना मर्यादा आहेत.

यांहून मोठा अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. चेतापेशी क्रमाने निकामी करणाऱ्या आणि बरा करण्याचा उपाय नसलेल्या मोटर न्यूरॉन डिसीज या आजाराच्या १९१ ब्रिटिश रुग्णांचा त्यात समावेश होता. नेहमीच्या उपचारांसोबत ॲक्ट मिळालेल्यांच्या जीवनाची गुणवत्ता सहा महिन्यांनी अधिक चांगली राखली गेली. जेथे आजार हटणारच नाही तेथेही जगणे सुधारू शकते, हे या अभ्यासाचे महत्त्व होय.

जुनाट वेदनेबाबत चित्र संमिश्र आहे. ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट प्राथमिक वेदनेसाठी ॲक्टचा विचार करावा असे सुचविले. त्याआधी २०२० च्या कॉक्रेन आढाव्याने मात्र या क्षेत्रातील ॲक्टच्या पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे नोंदविले होते. सिकलसेलपुरते बोलायचे तर २०११ साली एका किशोरवयीन रुग्णावरील उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तो आशादायक असला तरी एका रुग्णावरून सिद्धांत होत नाही. म्हणून हा उपचार औषधाला पूरक आहे, पर्याय नाही, एवढे विधान आज निःशंकपणे करता येते.

स्वीकार की दैववाद?

आपल्या समाजाला 'स्वीकारा' हा उपदेश नवा नाही. शतकानुशतके तो वरून खाली दिला गेला. वाट्याला आले ते मागच्या जन्मीचे फळ समजून मुकाट्याने सोसा, हा त्याचा अर्थ होता. म्हणून स्वीकार या शब्दाविषयी आपल्या मनात संशय असेल तर तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे.

संयुत्तनिकायातच मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात. यावर आपले मत काय, असे तो विचारतो. भगवंतांनी पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपालट, विषम आचरण आणि बाहेरून झालेला आघात अशी कारणे सांगितली; कर्मविपाक हे त्यांतील आठवे व शेवटचे. सर्व काही पूर्वकर्मामुळेच, हे म्हणणे त्यांनी चुकीचे ठरविले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताला बुद्धाच्या धम्मात स्थान नाही अशी स्पष्ट भूमिका घेतली. सिकलसेल हा शाप नाही, पापही नाही. आई व वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे निसर्गाचे गणित आहे.

दुसरा आधार विनयपिटकाच्या महावग्गात सापडतो. शुश्रूषा करण्यास सोपा रुग्ण कोणता, याची पाच लक्षणे तेथे दिली आहेत : तो हितकर तेच करतो, त्यातही प्रमाण जाणतो, औषध घेतो, आजार वाढला की कमी झाला हे शुश्रूषकाला खरे सांगतो, आणि शरीराच्या तीव्र वेदना सहन करतो. औषध घेणे आणि वेदना सहन करणे या गोष्टी येथे एकाच यादीत आहेत. एकीमुळे दुसरी बाद होत नाही. आजार लपविणे म्हणजे सोसणे, असा समज असणाऱ्यांनी चौथे लक्षण पुन्हा वाचावे.

यावरून सीमारेषा आखता येते. जी वेदना आत्ता या क्षणी शरीरात आहे, जी भीती मनात उठली आहे, तिचा स्वीकार. उपचारकेंद्रात औषध नसणे, रुग्णाला मिळणारी तुच्छतेची वागणूक, रोजगारातील भेदभाव यांचा स्वीकार मात्र मुळीच नाही. किंबहुना मनातल्या मनात वेदनेशी झुंजण्यात खर्ची पडणारी शक्ती वाचली तरच या गोष्टींविरुद्ध उभे राहण्याचे बळ उरते. बाबासाहेबांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. अखेरच्या वर्षांत मधुमेहासह अनेक व्याधींनी त्यांना ग्रासले होते. डॉक्टर, औषध, पथ्य यांची कास त्यांनी सोडली नाही. आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, उपचार करणाऱ्यांमुळे आपण तगलो असे कृतज्ञतेने नमूदही केले. आणि त्याच प्रकृतीत त्यांनी तो ग्रंथ लिहिला व १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली व दिली.

व्यवहारातील काही पथ्ये

स्वीकाराचा अभ्यास म्हणजे धोक्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष नव्हे. सिकलसेलच्या रुग्णाला ताप, छातीत दुखणे, दम लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काही झाले तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून तपासणी हा त्याचा मुख्य भाग आहे. विवाहापूर्वी तपासणी करून घेणे हेही वास्तवाचा स्वीकार करणेच होय. मनात आत्मघाताचे विचार येत असतील किंवा उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाची भेट अत्यावश्यक आहे.

शुश्रूषकांसाठीही यात बोध आहे. 'स्वीकार कर' असा उपदेश निरोगी माणसाने रुग्णाला करू नये. तो तिसरा बाण ठरतो. आधी पाणी, औषध, अंथरूण, मग ऐकून घेणे. अतिसाराने लोळागोळा झालेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदासह आपल्या हातांनी धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि त्यानंतरच संघाशी ते बोलले. विहारात आजारी उपासक-उपासिकांची विचारपूस होत असेलच. तिच्या जोडीला 'दुखणे कसे आहे' या प्रश्नानंतर 'या आठवड्यात आपणास काय करावेसे वाटते, आणि त्यासाठी आम्ही काय करू' हा प्रश्न विचारला जावा. पहिल्या प्रश्नाने आजाराची चौकशी होते. दुसऱ्याने माणसाची होते.