पंख जुने, इंजिन नवे

एखाद्या विमानाची जुनी इंजिने काढून त्या जागी अधिक दमदार जेट इंजिने बसवली तर काय होईल? 'विमान अधिक वेगाने उडेल,' असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली हा प्रयोग खरोखरच झाला. विमान वेगाने उडालेही. तरीही काही वर्षांनी त्याला पुन्हा जुन्या पद्धतीची इंजिने बसवावी लागली! असे का झाले, ते आज आपण थोडे गणित करून पाहू.

व्हिकर्स कंपनीचे 'व्हायकिंग' हे दोन इंजिनांचे प्रवासी विमान. त्याची इंजिने दट्ट्याची, म्हणजे तत्त्वतः मोटारीच्या इंजिनासारखीच होती. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते, दट्ट्या खालीवर होतो, त्यामुळे दांडा फिरतो आणि दांड्याला लावलेला प्रोपेलर हवा मागे ढकलतो. प्रत्येक इंजिनाची शक्ती सुमारे १७०० अश्वशक्ती होती आणि विमान ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने प्रवास करी.

अशा एका व्हायकिंगला रोल्स-रॉइस कंपनीची 'नीन' ही दोन जेट इंजिने बसवण्यात आली. पंखांचा व शेपटीचा पत्रा जाड केला, चाकांची रचना बदलली. ६ एप्रिल १९४८ रोजी हे विमान प्रथम उडाले. त्याच वर्षी २५ जुलैला ते लंडनहून पॅरिसला अवघ्या ३४ मिनिटे ७ सेकंदांत पोहोचले. म्हणजे सरासरी वेग ताशी ६०० किलोमीटरांहून अधिक! बरोबर ३९ वर्षांपूर्वी, १९०९ साली याच तारखेला, ब्लेरिओने विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली होती. त्याला नुसती खाडी ओलांडायलाच याहून थोडा अधिक वेळ लागला होता.

एवढे यश मिळूनही 'नीन व्हायकिंग' एकच बनले. पुढे त्याची जेट इंजिने काढून पुन्हा दट्ट्याची इंजिने बसवण्यात आली आणि मालवाहतुकीसाठी त्याचा उपयोग झाला.

रेटा एक, मार्ग दोन

प्रोपेलर असो वा जेट, दोघांचे काम एकच : हवा मागे ढकलायची. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हवा विमानाला पुढे ढकलते. या बलाला आपण रेटा म्हणू. दर सेकंदाला मागे ढकललेल्या हवेचे वस्तुमान गुणिले तिच्या वेगात झालेली वाढ, म्हणजे रेटा.

समजा, आपल्याला ८,००० न्यूटन रेटा हवा आहे. प्रोपेलर दर सेकंदाला ४०० किलोग्रॅम हवा घेतो आणि तिला सेकंदाला २० मीटर वेग देतो. ४०० गुणिले २० म्हणजे ८,०००. जेट इंजिन केवळ १६ किलोग्रॅम हवा घेते, पण तिला सेकंदाला ५०० मीटर वेग देते. १६ गुणिले ५०० म्हणजेही ८,०००. रेटा अगदी सारखा.

आता खर्चाकडे पाहा. मागे फेकलेल्या हवेत जी गतिज ऊर्जा राहते, ती आपल्या दृष्टीने वाया गेली. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. प्रोपेलरच्या बाबतीत ती दर सेकंदाला ८०,००० ज्यूल भरते. जेटच्या बाबतीत २०,००,००० ज्यूल. म्हणजे पंचवीसपट! रेटा वेगाच्या पटीत वाढतो, ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. सगळी मेख येथे आहे.

विमान सेकंदाला ९० मीटर, म्हणजे ताशी ३२४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर रेट्याने केलेले उपयुक्त काम दर सेकंदाला ८,००० गुणिले ९० म्हणजे ७,२०,००० ज्यूल होते. यावरून प्रोपेलरची कार्यक्षमता ९० टक्के येते. जेटची येते जेमतेम २६ टक्के.

मग जेट इंजिन हवेच कशाला? विमानाचा वेग दुप्पट करून पाहा. रेटा आणि झोत तेवढेच ठेवले, तर उपयुक्त काम दुप्पट होते आणि वाया जाणारी ऊर्जा मात्र तेवढीच राहते. जेटची कार्यक्षमता ४२ टक्क्यांवर जाते. उलट, फार वेगात प्रोपेलरची पंचाईत होते. त्याच्या पात्यांची टोके ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचतात आणि कार्यक्षमता झपाट्याने घसरते. थोडक्यात, जेटला वेग मानवतो.

पण वेग दुप्पट केला की त्याच हवेत विरोध चौपट होतो! यावर उपाय एकच : विरळ हवेत जायचे. बारा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. तेथे दुप्पट वेगानेही विरोध जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो. मात्र एवढ्या उंचीवर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवेचा दाब राखावा लागतो. व्हायकिंगमध्ये ती सोय नव्हती. खालच्या दाट हवेत जेट उडवायचे म्हणजे इंधन उधळायचे. २७ जुलै १९४९ रोजी उडालेले 'कॉमेट' हे विमान मुळापासूनच जेटसाठी, उंच उडण्यासाठी आखलेले होते.

लेहचे पॅकेट आणि नवे डाकोटा

कधीकधी मात्र ही उधळपट्टी परवडते. आपल्या हवाई दलाची 'पॅकेट' ही दोन प्रोपेलरची मालवाहू विमाने लडाखमधील जवानांना रसद पुरवत. लेह सुमारे ३,२५० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला जेथे १०० किलोग्रॅम हवा मावते, तेथे लेहला सुमारे ७२ किलोग्रॅम मावते. साहजिकच पंखांना व प्रोपेलरला पकडायला हवा कमी मिळते. त्यातच एक इंजिन बंद पडले तर? म्हणून पॅकेटच्या पाठीवर तिसरे, जेट इंजिन बसवण्यात आले. ते उड्डाणाच्या वेळी आणि अडचणीच्या प्रसंगी थोडा वेळच चालवायचे. त्या काही मिनिटांचे इंधन माणसांच्या जिवापुढे किती ते! २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट विमान सुमारे ५,००० मीटर उंचीवरील दौलत बेग ओल्डी येथे उतरवले.

तिसरा मार्ग आहे टर्बोप्रॉपचा. यात तप्त वायूचा झोत नुसता मागे न सोडता त्याने टर्बाइन फिरवतात आणि टर्बाइन प्रोपेलर फिरवते. १९३५ साली प्रथम उडालेल्या डाकोटा विमानांपैकी काहींना अमेरिकेत अशी इंजिने बसवली आहेत. 'बीटी-६७' नावाने ती अंटार्क्टिकावरही काम करतात. नवे इंजिन जुन्यापेक्षा पुष्कळच हलके असते. तराजूचे एक पारडे हलके झाल्यासारखा त्यामुळे विमानाचा तोल मागे सरकतो. म्हणून पंखांच्या पुढच्या बाजूला विमान सुमारे एक मीटर लांब करावे लागले.

तेव्हा इंजिन बदलताना ते किती दमदार आहे एवढेच पाहून चालत नाही. विमान किती वेगाने, किती उंचीवर जाणार, हेही पाहावे लागते.

आता एक गणित तुमच्यासाठी. तोच ८,००० न्यूटन रेटा २०० किलोग्रॅम हवेला सेकंदाला ४० मीटर वेग देऊन मिळवला, तर सेकंदाला ९० मीटर वेगाने जाताना कार्यक्षमता किती येईल? जेटच्या २६ टक्क्यांशी ती ताडून पाहा. आजच्या प्रवासी जेट विमानांच्या इंजिनांच्या तोंडाशी एवढा मोठा पंखा का असतो, ते तुमचे तुम्हालाच कळेल.